मोजताना एक कमी

चुका सगळेच करतात, पण ठरवून, तयारीनिशी आणि इतकं मन लावून चुकणारं माणूस आमच्या अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होऊन गेलं, आणि ते माझ्या नात्यात होतं याचा मला अजूनही विस्मय वाटतो. नात्याने त्या माझ्या आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण. नारनूरच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या अंगणवाडीच्या टीचर होत्या आणि मी त्याच गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. बायको त्यांना बाई म्हणे म्हणून मीही बाईच म्हणत असे. एका घराचे दोन भाग करून आम्ही राहायचो. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीतून सकाळी त्यांच्या कपबशीचा आवाज आला की आमच्याकडे दिवस सुरू होई. त्या गेल्या त्याला आता पाच महिने होतील. भिंत अर्थातच तिथेच आहे.

सकाळी नऊला लेकरं जमू लागली की बाई अंगणवाडीच्या दारात उभ्या राहत. डाव्या पायातली चप्पल उजव्यात, उजव्यातली डाव्यात. समोर लिंबाखाली कुणाची तरी बकरी बांधलेली असे. बाई तिच्याकडे बराच वेळ बघत आणि गंभीरपणे म्हणत की केवढी मोठी कोंबडी आहे ही. त्याबरोबर पंचवीस-तीस गळे एकदम फुटत. आमच्या गावात शेतकरी मराठी बोलतात, बाजार आणि ऑफिस तेलुगूत चालतं, ओढ्यापलीकडे गोंडांचा गुडा आहे आणि टेकडीखाली लंबाड्यांचा तांडा. तेव्हा बकरी ही बकरीच आहे हे बाईंना चार भाषांमधून समजावलं जाई. बाई गालाला हात लावून म्हणत, "अगं माय, बकरी हाय का? मले कोनी सांगतलंच नाही." मग लेकरं चपलांकडे वळत. दोन-तीन जण खाली बसून बाईंचे पाय उचलत आणि चपला नीट घालून देत. आईचं बोट सोडायला रडणारं पोरही या गडबडीत रडायचं विसरे, कारण ज्या बाईला चप्पल घालता येत नाही तिला सोडून जाणं कुणालाच बरं वाटत नसे.

मी बी.एड. झालेला माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलांसमोर शिक्षकाने चुकीचं विधान करू नये, ते त्यांच्या मनात ठसतं. बाईंनी ते अगदी मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जवाईबुवा, ज्याले सगळंच येते, त्याच्याजवळ लेकरू काऊन बोलन?" मी शाळेला उशीर होतोय असं सांगून निघून गेलो.

त्यांच्या सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत थोर वाटे ती मोजणीची चूक. लेकरं गोल बसली की बाई बोटाने एकेकाला मोजत, आणि दर वेळी एक लेकरू मोजायचं राहून जाई. ते कोणतं राहावं हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलेलं असे. जे गप्प असतं, ज्याला घरी कुणी विचारत नाही, जे नव्यानं आलंय, नेमकं ते राही. मग बाई चिंतेत पडत. काल तर एक जास्त होतं, गेलं कुठे? पोत्यामागे बघत, पाण्याच्या माठात डोकावत. तांड्यावरून एक पोरगा आला होता, तो पंधरा दिवस एक शब्द बोलला नव्हता. पंधरा दिवस बाईंनी त्याला मोजला नाही. बाकीची लेकरं "हा काय, हा काय" करून थकली, अंगणवाडीची मदतनीस आया चिडली, मला तर तो छळच वाटू लागला. सोळाव्या दिवशी बाई माठात डोकावत असताना तो उठला, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि रागाने लाल होऊन म्हणाला की मी इथं आहे, दिसत नाही का. बाईंनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. पुढे सहावीत तो माझ्या वर्गात आला, तेव्हा त्याला गप्प बसवणं हे माझं वर्षभराचं काम होऊन बसलं. एकूणच, माझ्या तासाला न भिता उठून "सर, तुमचं चुकलं" म्हणणारं पोरगं दिसलं की ते बाईंच्या हाताखालून आलेलं, हे ओळखायला मला वेळ लागत नसे. सुरुवातीला अशा पोरांचा मला राग येई. नंतर नंतर मी तास घेण्याआधी सनावळ्या पुन्हा वाचून जाऊ लागलो.

आमच्या भागात मूल तीन-चार वर्षांचं झालं की लोक त्याला गोदावरीकाठी बासरला नेतात. तिथे सरस्वतीच्या देवळात त्याचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतात आणि नवी पाटी घेऊन परततात. आम्ही बौद्ध, आमच्यात ही रीत नाही. पण बाई त्या पाट्यांचा फार मान राखत. इतका, की पाटी आली की ती फळीवर सर्वांत वर जाऊन बसे आणि पुढची दोन वर्षं खाली उतरत नसे. पाटी लांबून आली आहे, तिला विश्रांती घेऊ द्या, असं त्या लेकरांना सांगत. लेकरांच्या हाती त्या चिखल देत, चिंचोके देत, आणि दुपारच्या जेवणात उकडलेलं अंडं देत, तेही सालासकट. आयाने सोलून दिलेलं त्यांना चालत नसे. ज्याचं अंडं त्याने सोलायचं. या एका कामात तास जाई आणि अंगणवाडीभर टरफलांचा सडा पडे.

एकदा एक कापूसवाले शेतकरी तावातावाने आले. पोराला बासरला नेऊन आणलं आणि टीचर त्याच्याकडून अंडी सोलून घेते, ही कोणती पद्धत, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना चटईवर बसवलं आणि त्यांच्या हातात एक गरम अंडं ठेवलं. गडी नांगर धरणारा. अंगठा दाबला तसं अर्धं पांढरं टरफलाबरोबरच निघून आलं. भोवती जमलेली लेकरं त्यांना हळू, काका, हळू, असं धीर देत होती. त्यांचाच लेक शेजारी बसून आपलं अंडं अख्खं, गुळगुळीत सोलून दाखवत होता. बाई म्हणाल्या, "याच तीन बोटांत उद्या लेखनी येईन, पाटील. पैले बोटाईले शानं होऊ द्या." पाटलांनी ते फुटकं अंडं तिथेच बसून खाल्लं आणि गेले. पुन्हा तक्रार आली नाही.

चुकण्याची ही सवय बाईंच्या अंगात इतकी मुरली होती की सुट्टीच्या दिवशीही ती सुटत नसे. आमच्याकडे येऊन पालकाच्या जुडीला मेथी म्हणत. बायको निवडता निवडता म्हणे, "बाई, मी आता चाळीस वर्साची झाली, मले नोको शिकवू." लग्नघरी नवरदेवाच्या बापाला हे नवरदेवाचे थोरले भाऊ का म्हणून विचारत आणि तो म्हातारा दिवसभर खुशीत फिरे. कोणती चूक खेळातली आणि कोणती खरी हे आम्ही बघायचंच सोडून दिलं होतं. खरी चूक त्यांच्या हातून होते असं आमच्या कधी मनातच आलं नाही.

त्या वर्षी कापूस वेचणी संपता संपता बायको एकदा म्हणाली की बाईंनी भाजीत दोनदा मीठ टाकलं. मी हसलो. मग बाई सोमवारी आठवडी बाजाराची पिशवी घेऊन निघाल्या. बाजार आमच्याकडे गुरुवारी. गल्लीतल्या लेकरांनी त्यांना ओरडून परत फिरवलं आणि त्याही हसल्या. थंडीत नव्या सुपरवायझर मॅडम आल्या. मंचेरियलकडच्या, तरुण, मराठी अजिबात न कळणाऱ्या आणि हातात मोबाईल घेऊन प्रत्येक लेकराचा चेहरा त्यात टिपून हजेरी लावणाऱ्या. मोबाईल काही लेकरांना ओळखेना. बाईंनी लेकरांना समजावलं की तो नवीन आहे, त्याला अजून कळत नाही, त्याला घाबरवू नका. लेकरांना मोबाईलची दया आली आणि ती त्याच्यासमोर शहाण्यासारखी बसली. मॅडम थक्क झाल्या. त्यानंतर बाईंनी वार चुकीचा सांगितला, लेकरांनी तो दुरुस्त केला. दोन लेकरांच्या नावांची अदलाबदल केली, तीही दुरुस्त झाली. मॅडमना त्यांनी आधीच्या सुपरवायझरच्या नावाने हाक मारली, तेव्हा मात्र आयाच मधे पडली. मॅडमनी वहीत तेलुगूत लांबलचक शेरा लिहिला. आयाने तो माझ्याकडून वाचून घेतला: मुलांना बोलतं करण्याची उत्कृष्ट पद्धत. संध्याकाळी आम्ही अभिनंदन करायला भिंतीपलीकडे गेलो, तर बाई अंधारात दिवा न लावता बसल्या होत्या. दमले म्हणाल्या. मी तो शेरा त्यांना दोनदा वाचून दाखवला.

अंगणवाडीत तेव्हा गुड्यावरची सोमी नावाची पोरगी होती, चार वर्षांची. घरी गोंडी बोले, पण बाईंच्या हाताखाली बाईंचीच बोली शिकली होती. तिची आजी तिला न्यायला आली की आमच्या ओट्यावर टेके. अशाच एका दुपारी सोमी माझ्याजवळ आली आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "टीचर आता खरंच चुकून राह्यली." मी मोठ्या शाळेचा मास्तर. मी तिला समजावलं की टीचर मुद्दाम तसं करतात, तुम्ही शिकावं म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाई त्या बकरीकडे पाहात. मग आजीचं बोट धरून निघून गेली.

मार्चमध्ये शाळा एकवेळच्या, म्हणजे सकाळच्याच झाल्या. एक दिवस दुपारी मी शाळा सुटल्यावर गाडीवरून ओढ्याकडच्या वाटेने येत होतो. ऊन डोक्यावर, दोन्ही बाजूंना उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग. समोरून लेकरांची रांग येताना दिसली, प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरलेला, आणि सगळ्यांत पुढे बाई, त्यांचं बोट धरून सोमी. आया जेवणाची भांडी घासायला बोअरिंगवर गेली होती, तेवढ्यात त्या निघाल्या होत्या. मी गाडी थांबवून विचारलं, एवढ्या उन्हात कुठे? बाई म्हणाल्या, शाळेत. ओढ्याकाठी पूर्वी एक टिनाचं शेड होतं, पहिली कित्येक वर्षं अंगणवाडी त्यात भरे. ते पडून आता तिथे शेत झालंय. मला वाटलं, खेळ चालू आहे. मी लेकरांच्या ओरडण्याची वाट बघू लागलो.

कुणी ओरडलं नाही. बकरीला कोंबडी म्हटलं तर आकाश डोक्यावर घेणारी ती पंचवीस लेकरं वाटेवर गप्प उभी होती, घामेजलेली, एकमेकांचे सदरे घट्ट धरून, आणि सगळी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. त्या शांततेत मला कळलं. सोमीने बाईंचा पदर ओढला. बाई वाकल्या. तिने त्यांच्या कानाला तोंड लावून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, काहीतरी सांगितलं. बाई वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या, त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या की चला, फिरून झालं, आता घरी. रांगेने जीव भांड्यात पडल्यासारखा गलका केला आणि ती वळली. मी गाडी ढकलत मागून चाललो.

संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. अंगणवाडीची किल्ली त्यांच्या कमरेला नव्हती. ती आयाकडे देऊन आले म्हणाल्या. मला म्हणाल्या, राजीनाम्याची दरखास्त लिहा, उद्यापासून होत नाही. बायको रडू लागली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की इतकी घाई कशाला, आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू, एक दिवस माणूस रस्ता चुकतोच. बाईंनी मला बोलू दिलं. मग सांगितलं की हे एक दिवसाचं नाही, वेचणीपासूनचं आहे. सकाळी उठल्यावर कधी कधी वार सापडत नाही, तोंडासमोरच्या लेकराचं नाव सापडत नाही. पण बरं होतं, त्या चुकत आणि लेकरं सांगत. कुणाला काही कळायची गरजच नव्हती. जमतंय तोवर जमू द्यावं असं त्यांनी ठरवलं होतं.

"मंग आज काय झालं?" बायकोने विचारलं.

"लेकरं कल्ला करत तवर ठीक होतं व," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यापासून ते सोमी मह्या कानात सांगते. कोनाले ऐकू नाही जाव म्हनून. चार वर्साचं लेकरू मले झाकून राह्यलं. हे उलटं झालं. लेकरानं आपल्याले सांभाळाचं काम नाही."

दरखास्त मी तेलुगूत लिहिली. कारण काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, वय झालं असं लिहा, बाकीचं त्यांना काय करायचंय. सही करताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मी वीस वर्षं शिकवतोय. अजून निवृत्तीला अवकाश आहे, पण स्वतःच्या कामावरून स्वतःच उठावं असा क्षण माझ्या वाट्याला आला तर मला तो ओळखू येईल का, हे मला माहीत नाही. ओळखू आला तरी मी उठेन, याची तर मुळीच खात्री नाही.

दवाखान्यात जायचं ते गेलो, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बाईंचा मुलगा त्याच्या नोकरीच्या गावी घेऊन जायला तयार होता, बाई नाही म्हणाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही त्यांना ओट्यावर खुर्ची टाकून देत असू. अंगणवाडीत आता नव्या टीचर आल्या होत्या, आणि तिकडे जाणारी लेकरं वाटेत ओट्याशी थांबत. बाई विचारत, तू कोण? लेकरू म्हणे, मी अमका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज विचारलं जाई आणि रोज नव्याने सांगितलं जाई, आणि त्यात त्या लेकरांना वाईट वाटण्यासारखं काही दिसतच नसे. सोमी तर नाव सांगून झाल्यावर बाईंच्या मांडीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राही आणि मगच जाई.

मला ते जमत नव्हतं. बाईंनी मला पहिल्यांदा "तुमी कोन?" विचारलं, तेव्हा मी त्यांची परीक्षाच घेऊ लागलो. ओळखा बरं, मी कोण, आठवून बघा, शेजारी कोण राहतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते माझ्या वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं पाहात आलो होतो, आणि पाहूनही कधी थांबलो नव्हतो. त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी मागच्या दाराने शाळेला जात होतो.

मग एकदा पावसाळा संपल्यावर धीर करून पुढच्या दाराने निघालो. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही हात, नजर रस्त्याकडे. मला पाहून त्यांनी तेच विचारलं. मी चप्पल काढून ओट्यावर त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मी तुमचा जवाई. शेजारीच राह्यतो."

"हो का?" बाई म्हणाल्या. बातमी चांगली असावी असा त्यांचा आवाज होता. "बसा मंग. लेकरं येतीनच आता."

मी बसून राहिलो. थोड्या वेळाने वळणावरून लेकरांचा आवाज येऊ लागला.